सावंतवाडीच्या चितारआळीतला खुळखुळा

वाचकहो, आपण सावंतवाडीला गेला असाल तर मोती तलावाच्या काठी घटकाभर नक्कीच बसला असाल. गेला नसाल, तर एकदा जरूर जा. पण घरात तान्हे मूल असेल आणि त्याच्यासाठी तिथून लाकडी खेळणे आणण्याचा विचार असेल, तर चार गोष्टी मनाशी ठरवून मगच जा. मी एकदा काही न ठरवता, नुसत्या रंगावर भुलून खेळणे घेतले होते. सावंतवाडीत नव्हे, आमच्याकडच्या एका जत्रेत. ती आठवण झाली की आजही पोटात गोळा उठतो. तेव्हा आधी ती हकिकत सांगते, मग आपण सावंतवाडीला जाऊ.

आमचे गाव गडहिंग्लज तालुक्यात, हिरण्यकेशीच्या काठाला. घरी ऊस आहे, भात आहे, थोडा भुईमूग आहे. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा नातू तेव्हा आठ महिन्यांचा होता. जत्रेला गेले होते. नारळ, बत्तासे घेतले आणि पोरासाठी एक तांबडालाल प्लॅस्टिकचा खुळखुळा घेतला. आवाज छान होता, दहा-वीस रुपयांत काम झाले. पोरगेही खूश, आजीही खूश.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात त्याला घोंगडीवर बसवून मी शेंगा फोडत होते. त्याने खुळखुळा जमिनीवर आपटला. एकदा आपटला, दोनदा आपटला आणि तो मधल्या जोडावर उकलला. आतले मणी घरंगळले. मी हसतच गोळा करायला वाकले. तेवढ्यात लक्षात आले की पोराचा आवाज येत नाही. रडणे नाही, खोकणे नाही, काहीच नाही. तोंड उघडे, डोळे मोठे झालेले आणि ओठ निळे पडत चाललेले. माझ्या हातापायातले बळच गेले. मी नुसती ओरडले. सूनबाई चुलीपुढून धावत आली. तिने त्याला आपल्या हातावर पालथे घेतले, डोके खाली केले आणि पाठीवर जोरात थापट्या मारल्या. तिसऱ्या की चौथ्या थापटीला हरभऱ्याएवढा हिरवा मणी फरशीवर पडला आणि पोरगे रडले. वाचकहो, मुलाचे रडणे इतके गोड असते हे मला त्या दिवशी कळले.

सूनबाई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. मी मात्र मनाशी ठरवून टाकले, की आपल्या हाताने आता कुठल्याही लेकराला खेळणे घ्यायचे नाही.

घाट उतरून खाली

ठरवले तसे चार वर्षे पाळले. मग लेकीला मुलगी झाली. लेक सावंतवाडीजवळच्या एका गावात दिली आहे. पहिलटकरीण म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झाले. बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर ती सासरी गेली. सहावा महिना लागला तसा विहीणबाईंचा निरोप आला, "उष्टावण ठरवली आहे, मामाला घेऊन या." बाळाच्या तोंडात पहिला घास मामाने घालायचा, हा आपला रिवाज. तेव्हा मी आणि थोरला मुलगा निघालो. बाळलेणे घेतले, अंगडे-टोपडे घेतले, खिरीसाठी घरचे घनसाळ तांदूळ घेतले.

निघताना सूनबाई दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आत्या, सावंतवाडीत लाकडी खेळणी चांगली मिळतात म्हणं. बाळासाठी तुम्हीच निवडून घ्या. आणि आमच्या पोराला एक भोवरा आणा." चार वर्षांत त्या विषयावर ती पहिल्यांदाच बोलली. मी "बरं" म्हणाले आणि लगबगीने एसटीकडे चालू लागले, कारण डोळे भरून आले होते.

आजरा सोडला की रस्ता दोन्ही बाजूंनी हिरवा होत जातो. दिवाळी नुकतीच झालेली, भातकापणी उरकत आलेली. आंबोलीला गाडी थांबली तेव्हा सकाळचे धुके अजून उतरले नव्हते. आमच्या उसाला पाणी देणारी हिरण्यकेशी इथेच आंबोलीत उगम पावते. जिच्या पाण्यावर आपले घर चालते तिच्या माहेरावरून आपण चाललो आहोत असे वाटून मी खिडकीतूनच हात जोडले. पुढे घाट लागतो. वळणावळणाने गाडी खाली उतरते तशी हवा बदलते. अंगावरची शाल काढावी लागते. दाणोली आली की माड, पोफळी, काजू आणि जांभ्या चिऱ्याची घरे दिसू लागतात. आपण देश सोडून कोकणात आलो हे डोळे मिटूनही कळावे.

आपल्यापैकी जे रेल्वेने येतील त्यांच्यासाठी सांगते, कोकण रेल्वेचे सावंतवाडी रोड स्थानक शहरापासून थोडे दूर मळगावला आहे. तिथून रिक्षा किंवा एसटी मिळते.

सावंतवाडी म्हणजे सावंत-भोसल्यांच्या संस्थानची राजधानी. आज ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. गावाच्या मधोमध मोती तलाव, एका अंगाला नरेंद्र डोंगर आणि तलावाच्या काठी जांभ्या दगडाचा राजवाडा. या राजवाड्यात गंजिफा रंगवल्या जातात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाचे बारा, असे १२० पत्ते असतात. ही कला विसरली जाण्याच्या बेतात होती. १९७० नंतरच्या काळात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभी केली. रंगाचा ब्रश चालवणारी ती माणसे पाहिली की या गावाच्या हातात काय आहे ते समजते. त्याच हातांची दुसरी करामत पाहायची तर चितारआळीत जायचे.

चितारआळीत

चितारआळी ही लाकडी खेळण्यांची गल्ली. चिताऱ्यांची आळी म्हणून चितारआळी. दुकानांच्या फळ्यांवर आंबे, केळी, सीताफळे, वांगी, मिरच्या, दुधीभोपळे असे मांडलेले असते, की हात लावल्यावाचून लाकूड आहे हे खरे वाटत नाही. सीताफळाचे डोळेही तसेच, आणि आंब्याच्या देठाजवळची लालीही तशीच! पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची ही फळे हातात घेतली तर पोकळ वाटावीत इतकी हलकी. शेजारी भातुकलीचा सगळा संसार, म्हणजे चूल, जाते, पोळपाट-लाटणे, उखळ, पाटा-वरवंटा. त्यापलीकडे भोवरे, बैलगाड्या, डुलणारे घोडे, पांगुळगाडे.

माझा हात साहजिकच त्या फळांकडे गेला. नात सहा महिन्यांची, आता पहिला घास घेणार. तिला फळांची परडी द्यावी यापरते शोभेसे काय? मी दुकानदाराला म्हटले, "ही लहान फळांची परडी बांधा. आमच्या नातीला, सहा महिन्यांची आहे."

दुकानदार वयस्क होता. त्याने परडी माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "आजी, ता चेडवाक नको. ता शोकेशीत ठेवूक. चेडू आता सगळा तोंडात घालतला."

मला एकदम आमच्या सोप्यातला तो हिरवा मणी आठवला. समोर गिऱ्हाईक उभे, पैसे काढलेले, आणि हा माणूस आपणहून माल परत ठेवतो आहे! मी तिथेच बाकड्यावर टेकले आणि चार वर्षांपूर्वीची सगळी गोष्ट त्याला सांगून टाकली. त्याने ऐकून घेतली. मग म्हणाला, "आजी, तुमची चूक रंगाची नाही, मापाची झाली." आणि त्याने जे सांगितले, त्यात आमच्या तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडून पुढे मी जे समजून घेतले त्याची भर घालून आपल्यापुढे ठेवते.

बाळ तोंडाने पाहते

आपण मोठी माणसे खेळणे डोळ्यांनी निवडतो. बाळ ते तोंडाने पाहते. चार-पाच महिन्यांपासून पुढे हातात येईल ती वस्तू तोंडात जाते. ती खोड नव्हे. मऊ काय, कठीण काय, गार काय, हे त्याला तोंडानेच कळते, आणि दात यायच्या वेळी हिरड्या शिवशिवतात त्याला आरामही पडतो. म्हणून खेळणे हातात घेतल्यावर "कसे दिसते?" हे शेवटी विचारावे. आधी विचारावे, "हे तोंडात गेले तर काय होईल?"

पहिली गोष्ट मापाची. जी वस्तू किंवा वस्तूचा सुटणारा भाग सव्वा इंच रुंदीच्या नळीत पुरता मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो असे धरतात. गोल चेंडू असेल तर तो पावणेदोन इंचांहून मोठाच हवा, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते. घरी शिवणाची टेप असतेच. नसली तर दुकानात मागून घ्यावी, लाजू नये.

दुसरी गोष्ट जोडाची. डोळे चिकटवलेले आहेत का? चाक खिळ्यावर आहे की लाकडी कुसावर घट्ट बसवले आहे? ओढून पाहावे, पिळून पाहावे, बाकावर दोनदा आपटून पाहावे. घरी बाळ आपटणारच आहे. आपण दुकानात आपटलेले बरे. दुकानदार रागावला तर समजावे, की माल तेवढाच.

तिसरी गोष्ट रंगाची. काही रंगांत शिसे असते. शिसे पोटात गेले तर मुलाच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो आणि तो नंतर भरून येत नाही. आपल्या देशात घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. ओल्या पांढऱ्या फडक्याने खेळणे घासून पाहिले तर रंग सुटतो की नाही ते कळते, पण शिसे आहे की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. म्हणून जे खेळणे चघळलेच जाणार, ते बिनरंगी लाकडाचे घ्यावे हा सरळ मार्ग. रंगीत फळे पोर मोठे झाल्यावर, तोंडात घालायचे वय सरल्यावर द्यावीत. त्या दुकानदाराने परडी परत ठेवली ती एवढ्यासाठीच.

चौथी गोष्ट वजनाची आणि कडांची. बाळ उताणे पडून खेळणे डोक्यावर धरते आणि सोडून देते. ते नाकावर पडणारच. म्हणून हलके हवे. कडा बोटाने फिरवून पाहाव्यात. आपल्या शेतात राबलेल्या बोटांना कुसळ लागत नाही, तेव्हा खेळणे गालावरून किंवा जुन्या रेशमी फडक्यावरून फिरवावे. धागा अडकला तर तासकाम कच्चे आहे.

पाचवी गोष्ट दोरीची. ओढायच्या गाडीला किंवा टांगायच्या खेळण्याला वीतभरापेक्षा लांब दोरी तान्ह्याच्या हाताशी नको. गळ्याभोवती फास बसतो. पाळण्यावरचे चिमणाळे पहिले तीन-चार महिने फार चांगले. बाळ नजर स्थिर करायला शिकते. पण बाळ हातावर रेटा देऊन उठू लागले की ते काढून ठेवावे.

आयएसआयच्या खुणेबद्दलही सांगते. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ही खूण असणे कायद्याने बंधनकारक झाले. बाजारातले प्लॅस्टिकचे किंवा बॅटरीवरचे खेळणे घेताना ती खूण पाहूनच घ्यावे. मात्र हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे. म्हणजे चितारआळीतल्या एखाद्या चांगल्या खेळण्यावर खूण नसेलही. ते वाईट असे नव्हे. पण तिथे सरकारी खुणेचे काम आपल्या डोळ्यांना आणि बोटांना करावे लागते, आणि कारागिराला विचारावे लागते.

दाण्याविना वाजणारा खुळखुळा

एवढे ऐकल्यावर मी म्हटले, "मग सहा महिन्यांच्या पोरीला देऊ तरी काय? खुळखुळा तर आता मी हातात धरणार नाही."

दुकानदार हसला. आम्हाला गल्लीच्या मागल्या अंगाला एका कातारीबुवांकडे घेऊन गेला. लहानशी पडवी, तीत लाकूड कातायचे लेथ आणि सगळीकडे लाकडाचा भुसा. वास मोठा गोड. दुकानदाराने त्यांना माझी अडचण सांगितली. बुवा फारसे बोलले नाहीत. त्यांनी वाळलेल्या शिवणीचा वीतभर तुकडा घेतला आणि यंत्रावर चढवला. यंत्र फिरू लागले. पटाशीच्या पात्याखालून लाकडाचे कीस उडू लागले. हळूहळू मध्ये बारीक मूठ आणि दोन्ही टोकांना लिंबाहून मोठे गोळे दिसू लागले. मग बुवांनी वाकडे टोक असलेले पाते घेतले आणि मुठीवरच्या जाड भागात एका बाजूने कोरले, मग दुसऱ्या बाजूने कोरले. बघता बघता त्या जाड भागाची कडी सुटी झाली आणि दांड्यावर टकटक करीत फिरू लागली. तशाच आणखी दोन कड्या सुटल्या. कुठे जोड नाही, कुठे चिकटवलेले नाही. तिन्ही कड्या त्याच लाकडातून निघालेल्या आणि दोन्ही टोकांचे गोळे मोठे, म्हणून त्या कधी निघायच्याही नाहीत.

बुवांनी पॉलिशपेपरने घासून खुळखुळा गुळगुळीत केला, खोबरेलाचे बोट फिरवले आणि माझ्या हातात दिला. मी हलवला. लाकडावर लाकूड वाजले. प्लॅस्टिकचा कर्कश आवाज नाही, धान्य पाखडताना सुपाचा येतो तसा मऊ आवाज.

मी टेप काढली. टोकाचा गोळा दोन इंच भरला. मग मी तो बाकड्यावर आपटला. बुवांनी मान वर केली, पण काही बोलले नाहीत. पुन्हा आपटला, पिळला, कडी ओढली. काही हलले नाही. मुलगा म्हणाला, "आई, बास की!" पण मला आणखी एकदा आपटायचा होता. तो मी आपटला आणि मग पैसे दिले. चार वर्षांनी लेकरासाठी खेळणे घेतले होते.

वयाप्रमाणे खेळणे

बुवांचे काम चालले होते तोवर दुकानदाराने सांगितलेला आणखी एक हिशेब आपल्याही उपयोगी पडेल.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाला वीतभर, फार तर फूटभर अंतरावरचेच नीट दिसते. त्याला आईचा चेहरा हेच मोठे खेळणे. ठळक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे एखादे फडके दाखवले तरी ते टक लावून पाहते. चार ते सहा महिन्यांत मुठीत मावेल अशी कडी किंवा खुळखुळा द्यावा. सहा ते नऊ महिन्यांत बाळ बसू लागते, एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेते. त्याला कापडी चेंडू, एकमेकांत बसणाऱ्या वाट्या द्याव्यात. नऊ महिन्यांनंतर वस्तू फडक्याखाली लपवली तर ते शोधते, पुन्हा पुन्हा खाली टाकून आपल्याला उचलायला लावते. हा त्रास नव्हे, तो त्याचा अभ्यास आहे. वर्षाच्या आसपास उभे राहू लागले की पांगुळगाडा.

पांगुळगाड्याविषयी दोन शब्द. आपला तीन चाकी लाकडी पांगुळगाडा मूल उभे राहून स्वतःच्या पायाने ढकलते. बाजारात मिळणारा, मुलाला मध्ये बसवायचा चाकांचा वॉकर ही वेगळी गोष्ट. त्यात मूल वेगाने जाते, उंबऱ्यावरून, पायरीवरून कोसळते, चुलीपर्यंत पोचते, आणि चालायला काही लवकर शिकत नाही. कॅनडा देशाने तर २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाडा घेताना तो बुडाशी रुंद आहे ना, दांडी धरून दाबली तर मागे उलटत नाही ना, हे पाहावे. चाके फार सैल नसावीत. आणि अंगणाला पायऱ्या असतील तर तो सोप्यातच चालवावा, कोणीतरी जवळ असावे.

आपल्या घरातली खेळणी आणि आपल्या घरातले धोके

आपल्यातल्या प्रत्येकाला सावंतवाडीला जाणे जमेल असे नाही, आणि त्याची गरजही नाही. स्टीलची वाटी आणि लाकडी डाव, जुन्या लुगड्याची चिंध्या भरून घट्ट शिवलेली बाहुली, कापडी चेंडू, मोठे लाकडी लाटणे, एवढ्यात वर्षभराचे बाळ सुखाने खेळते. बाहुलीला डोळे बटणांचे नकोत, दोऱ्याने विणावेत. एकदम दहा खेळणी पुढे टाकली तर बाळ एकाशीही खेळत नाही. दोन-तीन द्यावीत, बाकीची उचलून ठेवावीत आणि आठवड्याने बदलावीत. जुनेच त्याला नवे वाटते. आणि मोबाईल हातात देऊन जेवण भरवू नये. एक वर्षाखालच्या मुलाला पडदा मुळीच दाखवू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले आहे.

शेतकऱ्याच्या घरात मात्र काही वस्तू अशा असतात की त्या खेळणे वाटतात आणि जीव घेतात. औषध फवारणीची रिकामी बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी मुलाला खेळायला देऊ नये. बीजप्रक्रिया केलेले गुलाबी, हिरवे बियाणे गोळ्यांसारखे दिसते, ते उंच आणि बंद जागी ठेवावे. भुईमुगाचे दाणे, हरभरे, चिंचोके, सुपारीचे खांड रांगत्या मुलाच्या टप्प्यात सांडलेले नसावेत. मी शेंगा फोडीत होते त्या दिवशी मणी नसता तर एखादा दाणाही तोंडात गेला असता, हे मला फार उशिरा सुचले. खताच्या पोत्यातली प्लॅस्टिकची पिशवी डोक्यात घातली तर श्वास कोंडतो. रिमोट, घड्याळ, वाजणारी खेळणी यांतला चपटा बटणसेल पोटात गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. तशी शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा. फुगा फुटला की त्याचे तुकडे लगेच गोळा करावेत.

आणि एवढे करूनही वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकले तर? बाळ जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला, श्वास अडला, तर एकाने १०८ क्रमांकावर फोन करावा आणि दुसऱ्याने बाळाला हातावर पालथे घ्यावे. डोके खाली, जबडा हाताने धरलेला. दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच ठोके द्यावेत. नाही निघाले तर उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाब द्यावा, आणि पुन्हा पालथे. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, ती आणखी आत जाते. बाळ निपचित झाले तर फोनवरची माणसे सांगतील तसे करीत राहावे. सूनबाईला हे अर्धवट ठाऊक होते. बाळंतपणाच्या वेळी नर्सबाईंनी तिला दाखवले होते. मला मात्र चार पोरे वाढवूनही ठाऊक नव्हते. आपल्या गावच्या आशाताईंकडून, नर्सबाईंकडून हे हाताने करून शिकून घ्या. आजीनेही शिकावे, कारण दिवसभर नातवंडे तिच्याच जवळ असतात.

उष्टावण

दुसऱ्या दिवशी उष्टावण झाली. विहीणबाईंनी पाटाभोवती रांगोळी काढली होती. बाळ मामाच्या मांडीवर बसले, मामाने चांदीच्या वाटीतली खीर बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावली. तिने तोंड वेडेवाकडे केले, सगळे हसले. मग मी पदराआडून तो खुळखुळा काढला.

आजूबाजूला पाहुण्यांनी आणलेली रंगीबेरंगी खेळणी होती. नातीने खुळखुळा दोन्ही हातांनी धरला, एकदा हलवला, कड्या वाजल्या तशी दचकली, आणि मग पाहणे नाही की काही नाही, गोळा सरळ तोंडात! हिरड्यांनी चावू लागली. लेक घाईने म्हणाली, "आई, तोंडात घातलं बघ!"

मी म्हटले, "घालू दे. त्यासाठीच आणलाय."

संध्याकाळी मोती तलावाकाठून एसटी स्टँडकडे येताना नातवाचा भोवरा पिशवीत होता. तो आता साडेचार वर्षांचा आहे, त्याला चालेल. आणि त्या दुकानातून मी ती रंगीत फळांची परडीही शेवटी घेतली. ती आमच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. नात तीन वर्षांची होऊन आजोळी येईल तेव्हा काढू. घरी पोचल्यावर सूनबाईने भोवरा हातात घेतला, खिळा घट्ट आहे का ते पिळून पाहिला आणि मगच पोराच्या हातात दिला. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो.

तेव्हा वाचकहो, सावंतवाडीला गेलात तर तलाव पाहा, राजवाडा पाहा, चितारआळीत मनसोक्त हिंडा. मोठ्यांसाठी फळे घ्या, पोरांसाठी भोवरे घ्या. पण तान्ह्यासाठी खेळणे घेताना पिशवीत शिवणाची टेप असू द्या, आणि दुकानदाराला बाळाचे वय आधी सांगा. चांगला दुकानदार असेल तर तो काही माल आपणहून परत ठेवील.